नाकाशी धरलेले बोट

“बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बघत बसू नकोस. वाईट खोड ती. एकदा लागली की सुटत नाही, आणि बघणारीलाही लागते,” असे सासूबाईंनी सुनेला, ती बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी बजावले होते. सुनेने हसून मान डोलावली आणि सासूबाईंची पाठ वळताच बाळाच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. तिला हायसे वाटले. मग वाटले, आता चालू होता, पण आतानंतर? म्हणून पुन्हा धरले.

सून शिकलेली होती. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतले होते. धडधाकट बाळ मऊ गादीवर पडल्या पडल्या श्वास घ्यायचे विसरेल याची शक्यता किती नगण्य असते, हे तिला पक्के ठाऊक होते. पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे, हेही तिला त्याच कॉलेजात शिकवले होते. नवरा बाहेरगावी नोकरीला. तो फोनवर “आई सांगते तसं कर” एवढेच म्हणे, आणि आई सांगत पुष्कळ. बाळाला असे धरू नकोस, तसे धर. मान सांभाळ. एवढे गुंडाळू नकोस. एवढे उघडे ठेवू नकोस. सासूबाईंचा हात मायेचा होता, पण नजर परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या बाईंची. आपण या परीक्षेत नापास झालो आहोत, फक्त निकाल अजून कुणी मोठ्याने वाचून दाखवलेला नाही, अशी सुनेची खात्री होत चालली होती.

त्या घरात वाद फक्त एकाच विषयावर होई, आणि तो विषय बाळ नव्हता. सासरे घड्याळजी होते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते घराला लागूनच असलेल्या दुकानात बसत आणि सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघरात प्रवचन करत. प्रवचनाचा विषय काहीही असो, शेवट ठरलेला: घड्याळ आपोआप होत नाही, तसा माणूसही आपोआप होत नाही. देवाने तो वेगळा, सावकाश, मन लावून घडवला. त्यांची थोरली लेक, म्हणजे सुनेची नणंद, प्राणिसंग्रहालयात होती. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांचा सगळा विभाग तिच्या ताब्यात. ती जेवायला आली की घास गिळण्याआधीच दोघांची जुंपे.

“माणूस बघितला की देव आठवला पाहिजे,” एका रात्री सासरे म्हणाले. “माकड नव्हे.”

“माकड नाहीच हो, बाबा. माकडाला शेपटी असते. तुम्ही एप आहात. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. सगळे एका कुळातले.”

“तू असशील. मी नाही.”

“मी तुमची मुलगी आहे!”

“आईवर गेलीयेस.”

सासूबाईंनी पाण्याचा जग टेबलावर आदळला. “मला कशाला ओढता मध्ये? मी काय केलंय?”

“बघ, चिडलीस की ओठ कसे पुढे काढतेस,” नणंद म्हणाली. “आमची तांबडी अगदी अस्सेच काढते.”

त्यानंतर जेवण शांततेत पार पडले. पण भांडी आवरताना नणंदेने सुनेला ओट्यापाशी गाठले आणि आवाज खाली आणून म्हणाली, “वहिनी, एक काम होतं. नाही म्हणू नकोस.”

काम तांबडीचेच होते. तांबडी म्हणजे तिच्याकडची ओरांगउटान. विटकरी रंगाच्या लांब केसांची, म्हणून तांबडी. तिला दिवस गेले होते. पण तांबडीची स्वतःची आई ती एवढीशी असतानाच गेली, आणि माणसांनी तिला बाटलीने वाढवले. आई कशी असते, पोराला जवळ कसे घेतात, पाजतात कसे, हे तिने जन्मात पाहिलेले नव्हते. मागच्या खेपेला पिल्लू झाले तेव्हा तिने ते गवतावर ठेवले आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्याकडे नुसती बघत बसली. शेवटी ते काढून घ्यावे लागले.

“बाटलीवर वाढलेलीचं पोर पुन्हा बाटलीवर. तेही उद्या असंच करणार,” नणंद म्हणाली. “यावेळी पाजलं नाही तर साहेब हेही काढून घेणार, आणि दूरच्या संग्रहालयात धाडणार. मला तिला दाखवायचंय गं, आई म्हणजे काय ते. तू काचेसमोर बसायचं आणि बाळाला पाजायचं. बाकी काही नाही.”

“मी?” सुनेच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. “ताई, मला स्वतःलाच येत नाही काही. आईंना विचार हवं तर. अजून मला धड धरताही येत नाही.”

“रोज पाजतेस ना?”

“हो.”

“जिवंत आहे ना?”

सुनेने खोलीकडे धाव घेतली, बोट धरून पाहिले आणि परत येऊन म्हणाली, “आहे.”

“मग झालं की!”

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. सुनेला वाटले, आता पुढचे सगळे ऐकावे लागणार. पण सासूबाईंनी हात पुसले आणि एवढेच म्हटले, “पहिलटकरीणच म्हणायची की मग. मागचं पोर हाताशी राहिलंच नाही तिच्या.”

“हो आई.”

“आणि माहेरचं कुणी नाही.”

“नाही.”

“मग जाऊ दे हिला. कुठल्या कुळातली ते नंतर बघू.” मग त्यांनी बाहेरच्या खोलीकडे डोळे वळवले. “फक्त यांना सांगायचं नाही. बिचाऱ्यांना आख्खं प्रवचन बदलावं लागेल.”

खोटे बोलायचे नाही, हा त्या घरचा नियम होता, आणि सुनेने तो पाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाची पिशवी भरत असताना सासऱ्यांनी विचारले, “कुठे निघालीस उन्हाची?”

“ताईंच्या ओळखीची एक आहे, बाबा. बाळंतपण जवळ आलंय. तिला पोराला कसं घ्यायचं, कसं पाजायचं, काही ठाऊक नाही. दाखवायला जातेय.”

“आई नाही तिला?”

“लहानपणीच गेली. बाटलीवर वाढलीये.”

“अरेरे. आणि नवरा?”

“आहे, पण वेगळा राहतो. पोराबाळांकडे तो बघत नाही.”

“निर्लज्ज!” सासऱ्यांनी भिंग डोळ्यावरून काढले. “राहते कुठे?”

“ताईंच्याच कामाच्या जागी. मागच्या बाजूला.”

“म्हणजे जनावरांच्या शेजारी?”

“अगदी शेजारी.”

सासरे हळहळले. मग जरा घुटमळून म्हणाले, “आपल्याच धर्माची आहे का?”

“विचारलं नाही, बाबा.”

“छान केलंस. अशा वेळी विचारू नये.” आणि त्यांनी सुनेकडे असे काही पाहिले की लग्न होऊन आल्यापासून तिने ती नजर स्वतःकरिता पाहिली नव्हती. त्यात कौतुक होते. तिला इतके बरे वाटले की खरे काय ते सांगायचे तिच्या अगदी ओठांवर आले. पण बाळाने शेजारी पाय झाडला आणि तिने बोट धरायला धाव घेतली.

प्राणिसंग्रहालयाच्या त्या मागच्या खोलीत जंतुनाशकाचा आणि ओल्या गवताचा वास होता. भिंतीला पाण्याची नळी गुंडाळलेली, मध्ये जाड काच, काचेपुढे एक स्टूल. काचेपलीकडे तांबडी पाठ करून बसली होती. डोक्यावर तिने गोणपाट ओढून घेतले होते. पाहुणे आले की ती असेच करते, असे नणंद म्हणाली. सुनेला ते अगदी समजले. सासरची माणसे पहिल्यांदा बघायला आली तेव्हा तिलाही असेच काहीतरी ओढून घ्यावेसे वाटले होते.

पहिले काही दिवस पाठच बघायला मिळाली. मग एके दुपारी गोणपाटाची एक कड वर उचलली गेली आणि त्याखालून एक तपकिरी डोळा बाळाकडे बघू लागला. मग दोन्ही डोळे. मग तांबडी सरकत सरकत काचेशी आली, आणि सून बाळाला पाजू लागली की ती तिच्याकडे अशी बघे, अशी बघे, की शाळेत पहिल्या बाकावरची मुलगीही फळ्याकडे तसे बघत नसेल. सुनेला आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिले नव्हते. चुका काढण्यासाठी पाहिले होते; शिकण्यासाठी प्रथमच. तिची पाठ आपोआप ताठ झाली. बाळाची मान तिने इतकी नीट धरली की सासूबाई पाहत्या तर बरे झाले असते.

नणंदेने तांबडीला सरावासाठी कापडी बाहुले दिले. तांबडीने ते छातीशी धरले. उलटे धरले होते, पण धरले. मग सुलटे केले. नणंदेने आनंदाने सुनेचा दंड दाबला. आणि तेवढ्यात तांबडीने आपले लांबसडक काळे बोट उचलले आणि बाहुल्याच्या नाकाशी धरले.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “हे ती काय करतेय?”

सुनेने आपला उजवा हात हळूच पाठीमागे घेतला.

बाहुल्याला श्वास कुठला? तांबडीने एकदा पाहिले, दोनदा पाहिले. तिचे ओठ लांब झाले. मग तिने बाहुले काचेपाशी आणले, थेट सुनेच्या तोंडासमोर धरले आणि तिच्याकडे बघत राहिली. तू बघ गं, तुला कळतं यातलं. सुनेला काय करावे सुचेना. शेवटी तिने काचेवरूनच बाहुल्याच्या नाकाशी बोट टेकवले आणि गंभीरपणे मान डोलावली. तांबडीने बाहुले पुन्हा छातीशी घेतले. घरी जाताना सुनेच्या मनात दोन गोष्टी होत्या: आपण कुणाला तरी काहीतरी शिकवले, याचा अभिमान, आणि नेमके काय शिकवले, याची भीती.

इकडे प्रार्थनाघरात वेगळेच शिजत होते. त्या आठवड्याच्या प्रवचनात सासऱ्यांनी बोलता बोलता घड्याळ बाजूला ठेवले आणि थेट सुनेचे उदाहरण दिले. “एका अनाथ, नवऱ्याने टाकलेल्या पहिलटकरणीला आईपण शिकवायला माझी सून आपलं तान्हं कडेवर घेऊन उन्हातून जाते. ना नातं, ना ओळख. आता मला सांगा, कुठलं माकड हे करील? हाच, हाच तो फरक!”

लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. सून शेवटच्या रांगेत बाळाच्या टोपड्यात तोंड लपवून बसली होती. शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंना तर राहवलेच नाही. प्रवचन संपताच त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहीर केले की त्या दुर्दैवी मुलीच्या बाळंतविड्याची जबाबदारी शिवणवर्गाची. पुढच्या आठवड्यात घरी भलेमोठे गाठोडे आले. झबली, टोपडी, दुपटी, पायमोजे, आणि बाळंतिणीसाठी बाहीवर नक्षी काढलेला लोकरी स्वेटर.

“मापाचं काही कळलं नाही,” बाई म्हणाल्या. “अंगाने कशी आहे ती?”

सुनेने सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, “हात जरा लांब आहेत.”

आणि मग एका सकाळी फोन वाजला. सून बाळाला आंघोळ घालत होती, सासूबाई पाणी ओतत होत्या. फोन सासऱ्यांनी घेतला. पलीकडून लेकीचा घाबराघुबरा आवाज आला, “बाबा, वहिनीला ताबडतोब पाठवा! बाळंत झालीये ती. पोर छान आहे, पण पाजतच नाहीये! साहेब म्हणतात दुपारपर्यंत वाट बघणार, नाहीतर पोर काढून घेणार!” आणि फोन बंद.

“पोर काढून घेणार?” सासरे गरजले. “आईपासून? कोण हा साहेब? मी येतो. मी बोलतो त्याच्याशी.”

“तुम्ही कशाला, बाबा…”

“मी नाही तर कोण? आणि शिवणवाल्या बाईंना वाटेतून घेऊ. गाठोडं तयारच आहे.”

टॅक्सीत पुढे सासरे, मांडीवर गाठोडे. मागे शिवणवाल्या बाई, सासूबाई आणि बाळाला घेऊन सून.

“आता काय करायचं, आई?” सून कुजबुजली.

“आता देवच बघेल.”

“त्याच्याकडेच तर तक्रार जाणार आहे.”

फाटकावरच्या माणसाने ताईंचे वडील म्हणून सगळ्यांना आत सोडले. सासरे तरातरा पुढे. “प्राणिसंग्रहालयात बाळंतीण ठेवतात. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?” मागच्या खोलीच्या दारापाशी त्यांनी कोटाची बटणे लावली, घसा खाकरला, गाठोडे दोन्ही हातांत घेतले, आणि आत गेले.

काचेपलीकडे गवताच्या ढिगावर तांबडी बसली होती. डोक्यावर गोणपाट. डाव्या हातात मुठीएवढ्या डोक्याचे, उभ्या राहिलेल्या तांबूस केसांचे पिल्लू. आणि उजव्या हाताचे लांबसडक बोट पिल्लाच्या नाकाशी. पिल्लू पेंगले की ती बोट टोचे. पिल्लू किंचाळे. किंचाळते म्हणजे जिवंत आहे, असे पाहून तिचा जीव भांड्यात पडे. पिल्लू पुन्हा पेंगे. ती पुन्हा टोचे. पाजायला तिला फुरसतच नव्हती.

“पहाटेपासून हेच चाललंय,” साहेब वैतागून म्हणत होते. “झोपू देत नाही, पिऊ देत नाही. एवढं जवळ घेतलंय, मग पाजत का नाही? आणि हे नाकाशी बोट धरायचं कुठून शिकली ही? कुठल्याच पुस्तकात नाही!”

नणंदेने छताकडे पाहिले. सासूबाईंनी सुनेकडे पाहिले. सुनेच्या खांद्यावर बाळाला नुकतीच झोप लागली होती, आणि सुनेचे बोट त्याच्या नाकाशी होते.

सासऱ्यांनी तांबडीकडे पाहिले. मग सुनेकडे. मग पुन्हा तांबडीकडे. दोन घड्याळे एकच वेळ दाखवतात का हे पाहताना ते जसे बघत, अगदी तसे.

“ही… ती?”

“हो बाबा.”

“आईविना वाढलेली?”

“हो.”

“आणि तो वेगळा राहणारा?”

“पलीकडच्या पिंजऱ्यात आहे,” नणंद म्हणाली. “केळी खातोय.”

“आणि मी व्यासपीठावरून…” गाठोडे सासऱ्यांच्या हातातून शिवणवाल्या बाईंनी वेळीच काढून घेतले. बाईंची नजर काचेपलीकडच्या बाहूंवर होती. “हात जरा लांब म्हणे,” त्या पुटपुटल्या.

पिल्लू पुन्हा किंचाळले. त्या आवाजाने बाळ जागे झाले आणि त्यानेही सूर लावला. आता सगळ्यांचे काहीही होवो, बाळाला पाजायला हवे होते. सून स्टुलावर बसली. तिला रडू येत होते. जगात तिची एकच शिष्या, आणि तिलाही तिने आपली भीतीच शिकवली होती. दुपारी पिल्लू उचलून नेतील. तांबडी कोपऱ्यात बसून रिकाम्या गवताकडे बघत राहील. कुणामुळे? तिने बाळाला छातीशी घेतले. तांबडी तत्काळ काचेशी सरकली. आणि अशा वेळीसुद्धा सुनेचे बोट, सुनेला न विचारता, बाळाच्या नाकाकडे निघाले.

फट्!

सासूबाईंनी त्या हातावर चापट मारली होती.

“खाली ठेव तो हात! श्वास घेतंय ते. श्वासाशिवाय एवढा गळा काढेल का कुणी? खाली. पोराच्या पाठीखाली. हां. आता वर घे. आणखी वर. त्याला तुझ्याकडे आण, तू त्याच्याकडे वाकू नकोस. किती वेळा सांगायचं? अस्सं.”

सासूबाई बोलत होत्या सुनेशी, पण काचेपलीकडची ऐकत होती. तांबडीने सुनेच्या खाली गेलेल्या हाताकडे पाहिले. सासूबाईंकडे पाहिले. मग आपल्या त्या बोटाकडे पाहिले. आणि तिने आपल्याच हातावर एक चापट दिली. पायाने दिली, कारण तिचे दोन्ही हात गुंतले होते आणि पाय तिला हातासारखेच वापरता येत. मग तो हात पिल्लाच्या पाठीखाली गेला. पिल्लू वर आले. आणखी वर. खोलीत कुणी हलेना. पिल्लाने तोंड इकडे वळवले, तिकडे वळवले, आणि मग त्याचे सगळे अंग एकदम सैल पडले आणि एक बारीकसा चुटूचुटू आवाज काचेतूनही ऐकू आल्यासारखा वाटला.

“शहाणी माझी,” सासूबाई म्हणाल्या. हे त्यांनी सुनेला आजवर कधी म्हटले नव्हते. पण ते म्हणताना त्यांचा हात सुनेच्या डोक्यावर होता, त्यामुळे ते नक्की कुणाला, हे सुनेने ठरवून टाकले. तिने मान वर केली. साहेब चष्मा पुसत होते. नणंद उघड उघड रडत होती.

आणि सासरे?

सून पाजायला बसताच सासऱ्यांनी, कुठलाही भला सासरा करील तशी, तिच्याकडे पाठ केली होती. त्याने झाले असे की त्यांचे तोंड काचेकडे आले. आता तिथे तांबडी पाजू लागली. सासरे गडबडले. क्षणभर त्यांनी छताकडे पाहिले. मग ते आणखी थोडे वळले आणि भिंतीवरच्या पाण्याच्या नळीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले.

नणंदेने नाक पुसले. “बाबा, वहिनीकडे पाठ केलीत ते समजलं. तांबडीकडे का केलीत?”

“बाळंतीण आहे ती,” सासरे नळीला म्हणाले. “लाज नको का माणसाला?”

“पण ती तर…”

“तुझं शास्त्र राहू दे जरा वेळ. पाजून होऊ दे तिचं.”

त्यानंतर दोन दिवस घरात वाद झाला नाही, तेव्हा सासूबाईंना काळजी वाटू लागली. तिसऱ्या दिवशी प्रवचन होते. सभागृह भरलेले, बातमी शिवणवाल्या बाईंमार्फत अगोदरच सगळीकडे पोचली होती. सून पुन्हा शेवटच्या रांगेत बसायला निघाली, तर सासूबाईंनी तिला दंडाला धरून पहिल्या रांगेत आणले.

सासरे उभे राहिले. “मागे एकदा मी विचारलं होतं, कुठलं माकड हे करील. मी चुकलो. ती माकड नाही. माकडाला शेपटी असते.” मागून नणंदेला ठसका लागला. “आता तुम्ही विचाराल, माणूस आणि ते एक का? माझं उत्तर अजूनही नाही. देवाने माणूस वेगळाच घडवला. पण मी घड्याळजी आहे. एका कारागिराच्या हातची घड्याळं मी ओळखतो. भिंतीवरचं असो की मनगटावरचं, आतली चाकं तो तशीच कातणार. आपली चाकं दुसऱ्याच्या पोटात दिसली तर त्यात माझा अपमान कसला? कारागिराचा मान आहे तो.” मग त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केले. “आणि तिथलं एक बंद पडलेलं घड्याळ ज्यांनी चालू केलं, त्या दोघी माझ्या घरच्या आहेत. एक माझी सून. आणि एक… ही माझी.”

सासूबाईंनी ओठ पुढे काढले. मग लेकीने काय म्हटले होते ते आठवून पटकन मागे घेतले.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, “मान्य, बाबा. एक भिंतीवरचं, एक मनगटावरचं. पण दोन्ही घड्याळंच ना?”

सासरे आपल्या हातातल्या घड्याळाला चावी देत होते. बराच वेळ देत राहिले.

“घड्याळंच,” ते म्हणाले, आणि त्यांनी जेवायला वाढायला सांगितले.

गाठोड्यातल्या वस्तू धुऊन, तपासून काही दिवसांनी तांबडीकडे गेल्या. टोपडे तिने पिल्लाला न घालता स्वतःच्या डोक्यावर ठेवले, गोणपाटाच्या जागी. शिवणवाल्या बाई येऊन बघून गेल्या आणि ते कसे बरोबर बसले आहे हे आता सगळ्यांना सांगत असतात. पिल्लू आईपाशीच आहे. साहेबांकडे आलेल्या पाहुण्यांना नणंद तिथे नेते आणि म्हणते, “हिला आमच्या वहिनीने शिकवलं.” सून तेव्हा जवळपास असली तर दुसरीकडे बघते, पण उभी अशी राहते की आणखी बोटभर उंच वाटावी.

सासूबाई मात्र दर आठवड्याला जातात. काचेसमोर स्टूल ओढून बसतात. “मान सांभाळ गं,” असे पलीकडे सांगतात, आणि तांबडी मान सांभाळते. घरी आल्यावर सुनेकडे बघून, कुणाच्याही नावाशिवाय, म्हणतात, “ती ऐकते तरी.”

खरे तर सूनही आता ऐकते. बाळ झोपले की हात मांडीखाली दाबून बसते. आपल्या बाळाचा श्वास न बघताही चालू राहतो, हे तिला आता बरेचसे पटले आहे. पण पलीकडच्या त्या पिल्लाला आता कुणीच बोट लावून बघत नाही. तांबडी निर्धास्त झोपते, टोपडे डोळ्यांवर ओढून. तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर सरळ मागच्या खोलीपाशी जा, ताईंचे नाव सांगा, आणि काचेशी उभे राहून जरा नीट बघा. घाई करू नका. पिल्लू आईच्या कुशीत झोपलेले असेल. त्याचे पोट वरखाली होते आहे ना, एवढेच पाहून मला कळवा. मीच पाहिले असते, पण सासूबाई शेजारी असल्या की माझे दोन्ही हात त्यांच्या नजरेत असतात.